पीक-नोंदीच्या अ‍ॅपची मांडणी कशी असावी?

शेताची नोंद ठेवण्याचे साधन म्हणून वहीच्या जोडीला आता मोबाईल आला आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली व शेतातील पीक शेतकऱ्याने स्वतः नोंदवावयाचे, अशी पद्धत पडली. पीक विमा, हमीभावाची खरेदी, आपत्तीची मदत या प्रसंगी पिकाची नोंद पाहिली जाते. पडद्यावर बोट चुकले तर त्याची झळ घरच्या पैशाला पोहोचते. तेव्हा अशा अ‍ॅपची मांडणी हा केवळ संगणक-तज्ज्ञांचा विषय नव्हे.

नोंदींच्या एका अ‍ॅपची मांडणी नव्याने करावयाची होती. त्या कामी प्रस्तुत लेखकास शेतकऱ्यांसमवेत बांधावर बसण्याचा योग आला. एका शेतकऱ्याचे सोयाबीन १ एकर २० गुंठे होते. पडद्यावर 'क्षेत्र' एवढाच शब्द व पुढे एकच चौकट. त्यांनी सरळ १.२० असे लिहिले. चौकट मात्र हेक्टरची होती! एकराचे गुंठे ४०, हेक्टरचे आर १००. म्हणजे त्यांचे क्षेत्र सुमारे ६१ आर, आणि नोंद होत होती १२० आरची, जवळजवळ दुप्पट. त्यांच्या मनात लबाडी नव्हती, पण नोंदीत ती दिसली असती. शिवाय गट सामाईक असेल, तर मागाहून नोंद करणाऱ्या भावास क्षेत्रच शिल्लक राहावयाचे नाही. नव्या मांडणीत एकर व गुंठे अशा दोन चौकटी ठेविल्या. हेक्टर-आरचा हिशेब अ‍ॅपने करावा व तो खाली ठळक अंकांत दाखवावा, असे ठरले.

पिकांची यादी वर्णानुक्रमे होती. त्यामुळे सोयाबीन अगदी तळाशी गेले, आणि कंटाळून काहींनी 'इतर' यावर बोट ठेविले. त्या हंगामात त्या तालुक्यात जी पिके मुख्यत्वे होतात ती प्रथम यावीत, हे उघड आहे. चित्रे द्यावीत, परंतु नाव काढू नये. मूग आणि उडीद यांची लहान चित्रे जाणत्यासही फसवितात.

सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी घेणाऱ्यास एकच पीक निवडा म्हणणे म्हणजे त्याला खोटे लिहावयास लावणेच होय. ई-पीक पाहणीच्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीत मुख्य पिकासह तीन दुय्यम पिके नोंदविण्याची आणि केलेली नोंद ४८ तासांच्या आत दुरुस्त करण्याची सोय झाली. आमच्या मते यांतील दुसरी सोय अधिक मोलाची. चूक सुधारता येते हे ठाऊक असले म्हणजे मनुष्य निर्धास्तपणे नोंद करतो.

उन्हात फिकट हिरवी अक्षरे दिसत नाहीत. पांढऱ्यावर काळी व मोठी असावीत. शिवारात रेंज नसेल तर छायाचित्र व नोंद मोबाईलमध्येच राहून गावात आल्यावर पुढे जावी. एका बाईंचा सांकेतिक क्रमांक शहरात नोकरीस असलेल्या मुलाच्या मोबाईलवर जात असे. मुलगा पाळीवर असला की त्यांची नोंद अडे. क्रमांक बदलण्याचे बटण पहिल्याच पडद्यावर का नसावे?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना एक विनंती. नवे अ‍ॅप गावात आले की शेतकऱ्याच्या हातातून मोबाईल घेऊन आपण नोंद करून देऊ नये. पाचसहा शेतकऱ्यांना, त्यांत वाचनाचा सराव कमी असणारे एकदोघे असावेतच, शेतात नोंद करावयास सांगावे व आपण गप्प बसावे. बोट कोठे थांबले, कोणता शब्द दोनदा वाचला, कोणी 'आता काय?' असे विचारले, हे त्या पडद्याच्या नावासह वहीत टिपावे आणि ती टिपणे तालुक्याच्या कार्यालयाकडे पाठवावीत.