वजन उतरवायला खर्च किती? इरुंगाट्टुकोट्टैतला हिशेब

चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याला लागलं की पूनमल्ली मागे पडते आणि श्रीपेरुंबुदूर यायच्या आधी इरुंगाट्टुकोट्टै लागतं. महामार्ग ४८. हाच रस्ता पुढे बंगळूर, बेळगाव, कोल्हापूर, पुणे करत मुंबईकडे जातो. १९९८ साली ह्युंदाईची पहिली सँट्रो इथल्याच कारखान्यातून बाहेर पडली. आता त्याच कंपनीचा कारखाना आपल्या तळेगावलाही आहे. सिपकॉटच्या, म्हणजे तमिळनाडू सरकारच्या औद्योगिक वसाहतीच्या, या पट्ट्यात सुटे भाग करणाऱ्या कंपन्यांची रांग आहे आणि त्यांत पुणे-चाकणकडून आलेला एखादा मराठी माणूस भेटतोच. दोन-तीन वर्षांत त्याच्या पँटची कंबर वाढलेली असते. कंपनीची बस दारातून उचलते, दारात सोडते, आठवड्याला पाळी बदलते, झोपेचं वेळापत्रक कोलमडतं. जेवणाचं पुढे बोलूच.

मग तो फोनवर जाहिराती बघायला लागतो आणि तिथून खर्च सुरू होतो. हा लेख त्याच्यासाठी आहे. माझं म्हणणं एवढंच, की वजन उतरवण्याच्या बाजारात जेवढं काही विकायला ठेवलंय त्यातली पैसे मोजण्यालायक वस्तू एकच: दर आठवड्याला ‘काटा काय म्हणतो?’ असं विचारणारी माणसं. आणि ती बहुतेक वेळा फुकट मिळतात.

आधी आपण नक्की कुठे आहोत ते पाहा. किलोत मोजलेलं वजन उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागायचं. भारतीय माणसासाठी २३ च्या वर आकडा गेला की जादा वजन, २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्य तक्त्यातले २५ आणि ३० आपल्याला लावायचे नाहीत. १६८ सेंटिमीटर उंची आणि ८२ किलो वजन म्हणजे २९. पोटाचा घेर पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० ही हद्द. टेलरची टेप वीस-तीस रुपयांना मिळते, या साऱ्या प्रकरणातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरं बोलणारी वस्तू.

चाचण्यांवर मात्र पैसे घाला. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, चरबीची तपासणी आणि थायरॉइड, एवढं खासगी लॅबमध्ये साधारण दीड हजारात होतं. सुरुवातीला एकदा आणि चार महिन्यांनी एकदा. ‘फुल बॉडी पॅकेज’मधल्या सत्तर-ऐंशी चाचण्यांची गरज नाही. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असता, पगारातून ०.७५ टक्का कापला जातो, कंपनी ३.२५ टक्के भरते. म्हणजे या तपासण्यांचे पैसे आधीच भरलेत, ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन करून घ्या. गावाकडून आईवडील इथे राहायला आले असतील तर तमिळनाडू सरकारची २०२१ पासूनची ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ योजना माहीत असू द्या. तिच्यात आरोग्य कर्मचारी घरोघरी येऊन रक्तदाब आणि साखर तपासतात.

चेन्नईत हे मोजून झालेलं आहे

जीवनशैली बदलून काय साधतं याचा भारतातला पुरावा शोधायला फार लांब जावं लागत नाही. तो याच शहरात तयार झाला. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाचा सल्ला आणि नियमित पाठपुरावा मिळालेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी निघालं. पुढच्या वर्षी त्यांनी खर्चही मांडला: तीन वर्षांचा माणशी २२५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने दहा हजारांच्या आसपास रुपये. वर्षाला साडेतीन हजारांच्या आत. आज महागाई धरून दुप्पट-तिप्पट करा, तरी चकाचक क्लिनिकच्या ‘ट्रान्सफॉर्मेशन पॅकेज’पुढे तो आकडा किरकोळच दिसेल.

दुसरा अभ्यास आपल्या विषयाला अगदी चिकटून आहे. मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाबरोबर केलेला डी-क्लिप. वजन जादा असलेले ५७८ जण. त्यांतल्या निम्म्यांना गटागटाने वर्गाला बोलावलं: आधी सोळा आठवडे दर आठवड्याला एक वर्ग, नंतर आठ आठवडे उजळणीचे वर्ग. उद्दिष्ट दोनच, वजन सात टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम. तीन वर्षांत या गटात मधुमेह ३२ टक्क्यांनी कमी. पण पूर्ण सांगायचं तर त्यातल्या ७२ टक्के लोकांना पुढे मेटफॉर्मिनची गोळीही द्यावी लागली. ‘औषधाविना शंभर टक्के’ असा फलक कुठे दिसला तर हा आकडा आठवा.

सात टक्के ऐकायला फुसके वाटतात. ८२ किलोच्या माणसाचे ते पावणेसहा किलो होतात, आणि चार ते सहा महिन्यांत तेवढे उतरले तर उत्तम चाललंय असं समजायचं. महिन्यात दहा किलोचं आश्वासन देणाऱ्याकडून चहासुद्धा घेऊ नका. लठ्ठपणा बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायलाच १९५४ च्या ‘औषधे आणि जादुई उपाय’ कायद्याने बंदी आहे. भिंतीवर, रिक्षामागे आणि फोनवर ती रोज दिसते, तो भाग वेगळा.

फुकटातला मराठी मार्ग

मराठी माणसाला आधारगट नवा नाही. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी चालवलेली मोहीम घराघरात पोचली आहे. कडकडून भूक लागते अशा दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळा पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचं, मधे काही नाही, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. गटात येण्याआधी उपाशीपोटीचं इन्शुलिन आणि एचबीए१सी तपासून घ्यायचं, मग फोनवरच्या गटात शंका विचारायच्या. फी शून्य. आहारतज्ज्ञांत यावरून कडाक्याचे वाद झाले आणि होतात. ‘दर दोन तासांनी थोडं खा’ म्हणणारे आणि हे, यांचं काही जमत नाही. मला विचाराल तर पाळीत काम करणाऱ्याला दोन जेवणांचं गणित सोयीचं जातं, कारण रात्री अडीचला येणारी बिस्किटं आणि गोड चहा आपोआप बाद होतात. मात्र साखरेची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण गाळू नका. रात्रपाळीत मशीनसमोर साखर खाली गेली तर ते वजनापेक्षा महागात पडेल. गरोदर बायकांनी आणि वाढत्या मुलांनी या वाटेला जाऊ नये.

साडेचार किलोमीटर चालायचं कुठे? इथे तीन किलोमीटर सातशे मीटरचा मोटारशर्यतींचा ट्रॅक आहे, पण तो आपल्यासाठी नाही. महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर पहाटे कंटेनर उभे असतात, तिथेही नको. वसाहतीतले आतले रस्ते बरे. सुट्टीच्या दिवशी सरकारने आखलेली ८ किलोमीटरची आरोग्यवाट गाठता येते. नोव्हेंबर २०२३ पासून ‘नडप्पोम नलम पेरुवोम’ नावाने प्रत्येक जिल्ह्यात अशी एक वाट ठरवली आहे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे तपासणी शिबिरही भरतं. तेही फुकट. बुटांना मात्र दीड-दोन हजार लागतील. कंपनीच्या सेफ्टी शूजमध्ये चालायचा विचार मनातही आणू नका, गुडघे बोलायला लागतात.

कॅन्टीनची थाळी

घरखर्चात जे होईल ते होईल, खरी लढाई कप्प्यांच्या स्टीलच्या थाळीत आहे. आधी भाताचा डोंगर, त्यावर सांबार. तो संपला की पुन्हा भात, त्यावर रसम. मग पुन्हा भात, त्यावर मोर, म्हणजे ताक. वाढणारा हात आखडता घेत नाही आणि ‘पोदुम’ म्हटल्याशिवाय थांबत नाही; पुरे म्हणायचा हा शब्द सगळ्यात आधी शिका. माझी रीत अशी: पोरियल आणि कूट्टु, म्हणजे कोरडी भाजी आणि डाळभाजी, आधीच दोनदा घ्यायची. भात एकदाच, तोच तीन भागांत पुरवायचा. सांबार तळातून ढवळून मागायचं म्हणजे डाळ ताटात येते. रसम आणि मोर प्यायचे, भातावर ओतायचे नाहीत. अप्पळम शेजाऱ्याला द्यायचा. एक पैसा खर्च नाही.

घरी भाकरीसाठी ज्वारी ‘चोळम’ आणि बाजरी ‘कम्बु’ म्हणून मागा. नाचणी केळ्वरगु या नावाने मिळते. सुपरमार्केटमधल्या ‘मिलेट’च्या पाकिटापेक्षा पेठेतल्या किराणा दुकानात सुटं धान्य बरंच स्वस्त पडतं. संध्याकाळच्या बज्जीऐवजी वाटीभर सुंडल. हरभऱ्याचा असो की चवळीचा, नारळाचा कीस घालून फोडणी दिली की कुणाला पथ्यपाणी वाटत नाही. अंडी, डाळी, दही आणि भाज्या वाढल्याने महिन्याला हजारभर रुपये जास्त धरा. बाहेरचं खाणं घटलं तर त्यातले बरेचसे वसूल होतात.

गट कसा जमवाल

आठ ते बारा माणसं पुरतात, आणि ती एकाच कारखान्यातली असली तर उत्तम. कामाच्या जागीच असे वर्ग भरवण्याचा प्रयोग भारतात अकरा ठिकाणी झाला आहे, तिथल्याच कर्मचाऱ्यांना शिकवून. एचआरकडे खोली मागा. बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत, कारण ‘वेलनेस’ या खात्यावर त्यांनाही काही दाखवायचं असतं. एक डिजिटल काटा, बाराशेचा. माणशी चाळीसची वही. दहा जणांत वाटले तर डोईला १६० रुपये पडतात.

वार ठरवा, वेळ ठरवा, काटा बदलू नका. आणि बूट काढा. पोलादी टोपीचे सेफ्टी शूज किलोभराचे सहज असतात. एका आठवड्यात घालून आणि पुढच्या आठवड्यात काढून वजन केलं की कागदावर किलो उतरतं आणि टाळ्या पडतात. खिशातला फोन, गळ्यातलं कार्ड, कमरेच्या किल्ल्या, सगळं टेबलावर. आकडा ज्याचा त्याने आपल्या वहीत लिहायचा, मोठ्याने वाचायची सक्ती नको. मग पाच मिनिटं प्रत्येकाने सांगायचं, या आठवड्यात कुठे घसरलो. लग्न होतं, पोंगल होता, साहेबाची पार्टी होती. उपदेश कोणी करायचा नाही, पुढच्या वेळी काय करता येईल तेवढं बोलायचं. पाळी बदलून कोणी येऊ शकत नसेल तर त्याने काट्याचा फोटो पाठवायचा.

नव्याचे नऊ दिवस इथेही आहेतच. पाचव्या-सहाव्या आठवड्यात वजन अडतं, तेव्हा माणसं गळतात. म्हणून सोळा आठवडे आधीच कॅलेंडरवर लिहून टाका. गट ही काही जादूची कांडी नाही. केरळात स्थानिक गटप्रमुख नेमून मोठा प्रयोग झाला, त्यात दोन वर्षांनी मधुमेह कमी झाल्याचं ठामपणे सिद्ध करता आलं नाही.

एक पथ्य कडक पाळा: गटात कोणी काही विकायचं नाही. ‘न्यूट्रिशन क्लब’ नावाचा प्रकार याच पट्ट्यात फोफावलाय. सकाळी मोफत वजन, हसतमुख ताई, एक ग्लास शेक, आणि महिनाभरात डब्यांचं बिल पाच हजारांच्या घरात. पुढे तुम्हीच ते डबे दुसऱ्याला विकावेत अशी गळ. तिथला आपलेपणा खरा असेलही, पण विचारपूस करणाऱ्याचं पोट तुमच्या खरेदीवर चालत असेल तर ‘आता पावडर बंद करा’ हे तो कधीच सांगणार नाही.

पैसे मोजायचेच तर

आहारतज्ज्ञाची एक भेट पाचशे ते दीड हजार. गटासाठी एकदाच बोलावून खर्च वाटून घ्या. जिमची वर्षाची फी एकरकमी भरू नका, तीन महिन्यांची भरा. बिलावर जीएसटी बघा: २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवरून ५ वर आला आहे. बारा हजारांवर २,१६० ऐवजी ६०० रुपये. जुना दर लावला असेल तर तिथल्या तिथे विचारा.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचं सध्या फार कानावर येतं. मौंजारो मार्च २०२५ मध्ये भारतात आलं तेव्हा सर्वांत कमी मात्रेची कुपी ३,५०० रुपयांना होती, आठवड्याला एक; म्हणजे चार आठवड्यांचे १४,०००. नंतर या औषधांच्या बाजारात किमती हलल्या आहेत, आणि काही रुग्णांना त्यांची खरोखर गरज असते. ते डॉक्टरांनी ठरवायचं. थांबवल्यावर वजन बऱ्याच अंशी परत येतं, हे धरून वर्षाचा हिशेब मांडा, महिन्याचा नको. आपल्या गटाच्या वाटेने सोळा आठवड्यांत दोनदा तपासण्या, बूट, एक आहारसल्ला, जेवणातला फरक आणि काट्याची वर्गणी मिळून दहा हजारांच्या आसपास जातात. ईएसआय असेल तर सात.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मूळ गाव सातारा असो की सोलापूर, २०१९ च्या कायद्याने राहत्या किंवा कामाच्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला आयोगाची फी नाही. त्यासाठी पावती हवी. रोख पैसे घेऊन ‘मागाहून बिल देतो’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

सुरुवात केव्हा? एप्रिल-मे मध्ये सकाळी सहा वाजल्यानंतर इथे चालवत नाही, ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस. पोंगलच्या सुट्टीनंतरचा सोमवार धरलात तर सोळापैकी पहिले आठ-नऊ आठवडे हवा साथ देते.