नव्या गाडीचे पहिले ऑईल कधी बदलावे?

लोहारा, उमरगा, नळदुर्ग या पट्ट्यातील आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या दारात आता दुचाकीच्या जोडीला चारचाकीही उभी राहू लागली आहे. बागवान मंडळींची मालाची पिकअप, मणियार व कापडवाल्यांची बाजारोबाजार फिरणारी व्हॅन, गादीवाल्यांचा छोटा टेम्पो. ही गाडी म्हणजे धंद्याचे भांडवल आहे आणि बहुधा ते हप्त्यावर उभे आहे. इंजिन बसले तर धंदा बसतो, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा खुलासा करणे आम्हास अगत्याचे वाटते.

पहिले ऑईल कधी बदलावे, असे विचारले की तीन उत्तरे मिळतात. गावातला मिस्त्री म्हणतो, पाचशे किलोमीटरला बदला. शोरूमवाला म्हणतो, दहा हजारांपर्यंत हात लावू नका. शेजारी म्हणतो, काळे पडले की बदला. पहिली दोन उत्तरे आपापल्या जागी खरी आहेत, तिसरे कोठेच खरे नाही. घोटाळा होतो तो एका गाडीचे उत्तर दुसऱ्या गाडीला लावल्यामुळे.

मिस्त्रींचे म्हणणे कोठून आले ते आधी पाहू. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकांना पुरत्या बसलेल्या नसतात. सिलिंडरच्या आतील बाजूस कारखान्यात मुद्दाम बारीक तिरकस रेघा पाडलेल्या असतात. त्यात ऑईल धरून राहते आणि रिंगा घासत घासत आपली जागा करून घेतात. या घासण्यातून लोखंडाचा अगदी बारीक कीस निघतो आणि ऑईलमध्ये मिसळतो. अम्बॅसडर, पद्मिनी या गाड्या रस्त्यावर होत्या त्या काळी घडाई आजच्याइतकी काटेकोर नव्हती, कीसही जास्त निघे. जुन्या वस्तादांनी लवकर ऑईल काढण्याचा जो नियम घालून दिला तो त्या इंजिनांचा होता. पण पद्मिनी या शतकाच्या सुरुवातीलाच बंद झाली, अम्बॅसडरही २०१४ साली बंद झाली. नियम मात्र तोंडी चालत राहिला.

मोटारसायकलला हा नियम आजही लागू आहे आणि त्याला कारण आहे. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना मिळून एकच ऑईल असते आणि तेही सुमारे एक लिटर. गिअरचे दातही त्यातच घासतात, क्लच प्लेटांची झीजही त्यातच उतरते. शिवाय अनेक लहान गाड्यांत मोटारीसारखा कागदी फिल्टर नसून फक्त जाळी असते. म्हणून त्यांच्या पुस्तिकेत पहिली सर्व्हिस ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान दिलेली असते आणि त्या वेळी ऑईल बदलतात. ती चुकवू नये. दुकानात मोटारीचे ऑईल उरले म्हणून ते मोटारसायकलमध्ये ओतण्याची सवयही सोडावी. मोटारीच्या अनेक ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे ऑईलमध्ये भिजलेला क्लच घसरू लागतो. डब्यावर 'जासो एमए' ही खूण पाहून घ्यावी. स्कूटरचा क्लच कोरडा असल्याने तिची खूण 'एमबी' अशी वेगळी असते.

आता मोटारीकडे येऊ. तिच्यात तीन-चार लिटर ऑईल असते, सारे ऑईल कागदी फिल्टरमधून फिरते आणि कीस तेथे अडतो. गिअरचे ऑईल अलग असते. त्यामुळे आजच्या बऱ्याच पेट्रोल मोटारींच्या पुस्तिकेत १,००० व ५,००० किलोमीटरच्या सर्व्हिसला फक्त तपासणी सांगितलेली असते आणि ऑईल व फिल्टर १०,००० किलोमीटरला किंवा एका वर्षाने बदलायचे असते. काही कंपन्या १५,००० सुद्धा देतात. कारखान्यातून भरून आलेले पहिले ऑईल मुदतीआधी काढू नये, असे स्पष्ट सांगणाऱ्याही कंपन्या आहेत. म्हणून पाचशे किलोमीटरला नवी मोटार घेऊन मिस्त्रीकडे धावण्याची गरज नाही.

पण पुस्तिकेतील ओळ अर्धी वाचू नये. तेथे 'किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते' असे लिहिलेले असते आणि आपल्या भागात खरी फसगत येथेच होते. समजा, लोहाऱ्याचा एखादा दुकानदार मोटार फक्त जवळपास वापरतो, महिन्याला ३०० किलोमीटर. त्याला १०,००० किलोमीटर पुरे व्हायला ३३ महिने लागतील. म्हणजे आकड्याकडे बघत बसला तर ऑईल पावणेतीन वर्षे तेच राहील, आणि पुस्तिका तर म्हणते बारा महिने. कमी चालणाऱ्या गाडीचे ऑईल चांगले राहते ही समजूत चुकीची आहे. चार-पाच किलोमीटर जाऊन गाडी बंद केली की इंजिन पुरते तापत नाही, आत जमलेली पाण्याची वाफ व कच्चे इंधन उडून जात नाही, ते ऑईलमध्येच मुरते. अशा गाडीला महिन्यांचाच हिशेब धरावा.

दुसरी न वाचली जाणारी जागा म्हणजे 'कठीण वापर' या मथळ्याखालील मजकूर. धुळीचे रस्ते, सततचा भार, लहान फेऱ्या, फार उष्णता, यांना बहुतेक कंपन्या कठीण वापर म्हणतात आणि अशा गाडीचे ऑईल लवकर, बहुधा निम्म्या अंतरात बदलायला सांगतात. सास्तूर, माकणी, जेवळी, अचलेर असे बाजार करणारी, उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा असताना माल भरून जाणारी, सोयाबीनच्या व उसाच्या हंगामात मातीच्या रस्त्यावर उतरणारी गाडी यात बसत नसेल तर कोणती बसेल? आमचे स्पष्ट मत आहे की अशा धंद्याच्या गाडीचे पहिले ऑईल, पुस्तिकेत त्याहून आधीचा आकडा नसेल तर, ५,००० किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी बदलावे. खर्च थोडा वाढेल, पण गाडी दहा-पंधरा वर्षे राबवायची आहे. आणि एअर फिल्टर धुळीने भरलेला ठेवून नुसते ऑईल बदलत राहण्यात अर्थ नाही. इंजिनात धूळ शिरते ती त्याच वाटेने.

डिझेल पिकअपचे दोन शब्द वेगळे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि अनेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आला. या गाड्यांना कमी राख सोडणारे ऑईल लागते. ड्रममधले सुटे ऑईल घातले तर त्याची राख त्या फिल्टरमध्ये साठते, ती जळून जात नाही, आणि तो फिल्टर फार महाग आहे. काजळी जाळण्यासाठी गाडी आपणहून जादा डिझेल सोडते. सतत लहान फेऱ्या असल्या की हे काम अर्धवट राहते आणि डिझेल ऑईलमध्ये उतरते. मग पट्टीवर ऑईलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. पुष्कळ जण 'गाडी ऑईल खात नाही' म्हणून खूश होतात. वाढलेली पातळी हा धोक्याचा इशारा आहे, ताबडतोब वर्कशॉप गाठावे. फिल्टरचा दिवा लागला तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी थोडा वेळ एकसारख्या वेगाने चालवावी, नळदुर्ग-उमरगा महामार्ग त्याला सोयीचा आहे. आणि डिझेलचे ऑईल काही शे किलोमीटरमध्येच काळे पडते, ती त्यात धरून ठेवलेली काजळी असते. तेव्हा रंगावरून निकाल देऊ नये.

पहिल्या हजार किलोमीटरमध्ये ऑईल बदलण्यापेक्षा गाडी कशी चालवली याला महत्त्व जास्त. पूर्ण भार टाकू नये, ॲक्सिलरेटर तळाला दाबू नये, तासन् तास एकाच वेगात पळवू नये. आठवड्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पट्टी पुसून पातळी पाहावी. दोन खुणांच्या मध्ये असावी. नवे इंजिन थोडे ऑईल खाते, त्याने घाबरू नये. वरच्या खुणेच्या वर भरणे मात्र टाळावे, ऑईल फेसाळते.

'फ्री सर्व्हिस' या शब्दानेही गैरसमज होतो. मोफत असते ती मजुरी, ऑईल व फिल्टरचे पैसे पडतात. म्हणून काम सुरू होण्याआधी जॉब कार्डवर काय लिहिले ते वाचून सही करावी. पुस्तिकेत तपासणीच असताना ऑईल बदल लिहिला असेल तर कारण विचारावे. मोफत सर्व्हिसची मुदत चुकवू नये, वॉरंटी त्यावर अडू शकते. आपला मिस्त्री कितीही हुशार असो, आणि आपल्या भागात तसे पुष्कळ आहेत, वॉरंटीच्या काळात काम कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करावे. पुढे बाहेर करून घेतले तरी तारीख, किलोमीटर आणि ऑईलचा ग्रेड लिहिलेले बिल घ्यावे. डबा आपल्यासमोर फोडायला लावावा व रिकामा डबा छिद्र पाडून टाकावा, कारण असे डबे पुन्हा भरून विकले जातात.

निघालेले ऑईल सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला किंवा भट्टीत जाळायला मागणारे भेटतात. गॅरेज चालवणाऱ्या बांधवांनी लक्षात ठेवावे की २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले ऑईल हा घातक कचरा आहे. ते झाकणबंद ड्रममध्ये साठवून परवानाधारक गोळा करणाऱ्यासच द्यावे व त्याची पावती फाइलला लावावी. नालीत ओतलेले ऑईल पावसाबरोबर विहिरीपर्यंत पोहोचते.