शाळकरी मुलांतील करोना: प्रतिपिंडे काय सांगतात?

शरीरात शिरलेल्या विषाणूला ओळखून निष्प्रभ करण्यासाठी जी विशिष्ट प्रथिने तयार होतात, त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. संसर्ग ओसरल्यानंतरही ती अनेक महिने रक्तात टिकत असल्याने, ज्या मुलाला साधी सर्दीही जाणवली नाही, त्यालाही करोना होऊन गेला होता का, याचा अंदाज रक्तचाचणीतून बांधता येतो. समाजातील निवडक व्यक्तींची अशी तपासणी करून संसर्गाचा प्रसार मोजण्याच्या पद्धतीला सिरो सर्वेक्षण म्हणतात.

स्वित्झर्लंडमधील झ्युरिक विद्यापीठाने २०२० च्या जूनमध्ये सुरू केलेला ‘चाओ कोरोना’ हा शाळकरी मुलांचा या प्रकारचा महत्त्वाचा अभ्यास असून, त्यात झ्युरिक प्रांतातील ५५ शाळा यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणतीही आवडनिवड न ठेवता, निवडण्यात आल्या आणि सुमारे अडीच हजार मुलांचे रक्त ठरावीक अंतराने तपासले गेले. पहिल्या फेरीत प्रतिपिंडे आढळलेल्या मुलांचे प्रमाण तीन टक्क्यांच्याही आत होते, तर २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत तोवर केव्हा ना केव्हा बाधित झालेल्या मुलांचे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास पोहोचले; मात्र पुरेशी मुले तपासलेल्या सुमारे १३० वर्गांपैकी ७३ वर्गांत एकही बाधित मूल आढळले नाही, ५० वर्गांत एक-दोन आढळले आणि तीन किंवा अधिक मुले केवळ मोजक्या वर्गांत आढळली. डेल्टा आणि ओमायक्रॉन हे अधिक वेगाने पसरणारे प्रकार येण्यापूर्वीचा हा काळ असल्याने हे आकडे पुढच्या लाटांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरी खबरदारी घेऊन चालवलेला वर्ग म्हणजे संसर्गाचे केंद्रच, हा समज त्यांनी नक्कीच सैल केला.

आपल्याकडे मुंबई महापालिकेने १ एप्रिल ते १५ जून २०२१ या काळात केलेल्या अशाच सर्वेक्षणात १८ वर्षांखालील मुलांचे २,१७६ रक्तनमुने तपासले गेले आणि ५१ टक्क्यांहून अधिक नमुन्यांत प्रतिपिंडे सापडली. त्या वेळी शाळांचे वर्ग बंद होते, हे लक्षात घेतल्यास मुलांचा संसर्ग घर, शेजार आणि वस्ती यांच्याशी किती घट्ट जोडलेला असतो, हे स्पष्ट होते.

प्रतिपिंडे आणि प्रतिकारशक्ती या दोन गोष्टी मात्र एकच नव्हेत. जुना शत्रू लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी आणि बाधित पेशींचा नाश करणाऱ्या टी-पेशी यांचाही प्रतिकारशक्तीत मोठा वाटा असतो, आणि नेहमीच्या प्रतिपिंड-चाचणीत त्या मोजल्या जात नाहीत. म्हणूनच सर्वेक्षणासाठी मोलाची असलेली ही चाचणी एकट्या मुलाबाबत फारसे सांगत नाही: प्रतिपिंडे भरपूर असलेल्या मुलाला पुन्हा संसर्ग होऊ शकतो, आणि ती कमी असलेले मूल असुरक्षितच असते असेही नाही. डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी सुचवल्याशिवाय पालकांनी ही चाचणी करून घेऊ नये.

दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या लक्षणांबाबतही झ्युरिकचा अभ्यास उद्बोधक आहे. संसर्ग झालेल्या मुलांपैकी सुमारे चार टक्के मुलांत बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली लक्षणे नोंदवली गेली, तर संसर्ग न झालेल्या मुलांतही हे प्रमाण सुमारे दोन टक्के होते. त्यामुळे थकवा किंवा डोकेदुखी रेंगाळली तर ती करोनाचीच आहे असे गृहीत न धरता, आणि तिच्याकडे दुर्लक्षही न करता, मुलाची नीट तपासणी करून घ्यावी.

ताप असलेल्या मुलाला शाळेत पाठवू नये आणि औषधाविना किमान २४ तास ताप नसल्याची खात्री करूनच पुन्हा पाठवावे. करोना हा विषाणूजन्य आजार असल्याने प्रतिजैविके किंवा स्टेरॉइड स्वतःच्या मनाने देऊ नयेत, आणि मुलांना अ‍ॅस्पिरिन तर मुळीच देऊ नये. श्वास जलद होणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे किंवा पाणीही न पिणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत. संसर्गानंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी सतत ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी किंवा उलट्या सुरू झाल्यास अनेक अवयवांना सूज आणणाऱ्या, क्वचित पण गंभीर अशा विकाराची शक्यता असल्याने विलंब करू नये.

मुलांची नियमित लसीकरणे वेळेवर पूर्ण करावीत, वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवण्याचा आग्रह शाळेकडे धरावा आणि प्रतिपिंडांच्या आकड्यापेक्षा मुलाच्या प्रत्यक्ष प्रकृतीकडे अधिक लक्ष द्यावे, अशी सर्व पालकांना कळकळीची विनंती आहे.