स्वतःला इजा करून घेणारी मुले : आधी कारण, मग उपाय

बौद्धिक वाढ मागे राहिलेल्या काही मुलामुलींना भिंतीवर डोके आपटण्याची, स्वतःच्या थोबाडीत मारून घेण्याची, मनगट चावण्याची सवय असते. लहानपणी घरचे कसेबसे सांभाळतात. मूल चौदा-पंधरा वर्षांचे होऊन अंगात ताकद आली की जखमा चिघळतात, प्रसंगी दृष्टीही जाते. मग कोणी हात बांधून ठेवतो, कोणी फटके देतो, कोणी अंगारे-धुपारे करतो. "त्याला काही कळतच नाही" असे म्हटले जाते. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. बोलता न येणाऱ्या त्या मुलाला एक गोष्ट पक्की कळलेली असते : असे केले की काहीतरी घडते.

अमेरिकेत बाल्टिमोर येथे ब्रायन इवाटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नऊ मुलांचे निरीक्षण करून १९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलाला कधी काम सांगितले, कधी एकटे ठेवले, कधी मोकळे खेळू दिले, तर कधी इजा करून घेतल्यावरच त्याच्याकडे लक्ष दिले. बहुतेक मुलांचे वर्तन परिस्थितीनुसार बदलले. पुढे १९९४ साली त्यांनी १५२ व्यक्तींची माहिती एकत्र मांडली. सुमारे ३८ टक्के व्यक्ती नकोशा कामातून सुटण्यासाठी असे करीत होत्या. सुमारे २६ टक्के लक्ष वा एखादी वस्तू मिळावी म्हणून, आणि जवळपास तितक्याच त्या कृतीतून शरीराला मिळणाऱ्या संवेदनेसाठी. (रागावणे हेही लक्ष देणेच, हे आपण मोठी माणसे विसरतो!)

समजा, एक मुलगा मणी ओवायला बसवले की डोके आपटतो. बाई घाबरून मणी उचलतात. बाईंचे चुकले असे कोण म्हणेल? पण डोके आपटले की काम थांबते, हा धडा मुलाने गिरवला. येथे काम करणारा उपाय म्हणजे तीच मागणी करण्याचा सोपा मार्ग शिकविणे. एडवर्ड कार व मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली मुलांना मदत किंवा शाबासकी शब्दांत मागायला शिकवले आणि त्रासदायक वर्तन कमी झाले. आपल्या मुलाला बोलता येत नसेल तर 'थांबा' अशा अर्थाचे चित्र किंवा हाताची खूण शिकवावी. खूण केली की आरंभी दर वेळी, लगेच, काम थांबवावे. नंतर "आणखी दोन मणी, मग सुट्टी" असे हळूहळू वाढवावे. खूण डोके आपटण्यापेक्षा सोपी आणि लवकर फळ देणारी हवी, नाहीतर मूल ती का वापरील?

यापूर्वी डॉक्टरी तपासणी मात्र टाळू नये. कान वा दात दुखणे, बद्धकोष्ठ, मुलींच्या पाळीतील वेदना, यांमुळेही मूल डोके आपटते. अशा वेळी मुलाला गोळी हवी असते, शिकवणी नव्हे.

जुना लाभ मिळेनासा झाला की वर्तन काही काळ वाढू शकते. येथेच पुष्कळ पालक धीर सोडतात. "दुर्लक्ष करा" हा सल्ला शब्दशः घेऊ नये. डोक्याखाली उशी सरकवावी, हात हळूच अडवावा, पण त्या वेळी ओरडू नये. जखमा गंभीर असतील तर मानसशास्त्रज्ञाच्या देखरेखीविना प्रयोग करू नयेत. नवी मुंबई येथे राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सक्षमीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे.

शिक्षेचा मार्गही आजमावला गेला आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात विजेचे झटके देऊन अशी मुले गप्प केली गेली. तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली अशा उपकरणावर बंदी घातली, ती २०२१ मध्ये न्यायालयाने रद्द ठरवली. झटक्याने डोके आपटणे थांबते, पण मुलाला काय हवे होते ते कोणालाच कळत नाही. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ६ मध्ये छळ व अमानुष वागणुकीपासून संरक्षणाची तरतूद आहे. घरात हातपाय बांधून ठेवणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

विद्यार्थ्यांनी व पालकांनी एका वहीत तीन रकाने आखावेत : आधी काय झाले, मुलाने काय केले, नंतर आपण काय केले. वेळही लिहावी. दोन आठवडे न चुकता नोंद ठेवावी आणि तीच वही तज्ज्ञाकडे न्यावी. तिसरा रकाना भरताना प्रामाणिक राहणे सर्वांत कठीण जाते.