गिनी-बिसाऊ : काजूवर जगणारा देश

काजूच्या व्यापारातील वाचकांना ‘बिसाऊ’ हे नाव नवे नाही. भारतातील कारखान्यांना लागणाऱ्या कच्च्या काजू बीचा मोठा भाग पश्चिम आफ्रिकेतून येतो. त्यात गिनी-बिसाऊची बी गराच्या चांगल्या उताऱ्यासाठी ओळखली जाते. ज्या देशातून हा माल येतो, त्याची माहिती आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

भूमी : उत्तरेस सेनेगल, पूर्वेस व दक्षिणेस गिनी आणि पश्चिमेस अटलांटिक महासागर. क्षेत्रफळ सुमारे ३६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोकण विभागाहून थोडे अधिक. किनारा सखल असून भरतीचे पाणी खाड्यांतून दूरवर आत शिरते. बलांता जमातीचे शेतकरी बांध घालून तिथल्या खारजमिनीत भात पिकवतात. समोर बिजागोस बेटांचा समूह आहे. राजधानी बिसाऊ हेच मुख्य बंदर.

लोक : वस्ती सुमारे २० लाख. त्यात मुसलमान निम्म्याच्या आसपास आहेत. पूर्वेकडील गाबू व बाफाता भागांत फुला आणि मंडिंका मुसलमानांची वस्ती दाट आहे. मांजाको व पापेल विणकर हातमागावर अरुंद पट्ट्या विणतात आणि त्या जोडून वस्त्र करतात. सरकारी भाषा पोर्तुगीज, पण बाजारात क्रिओल चालते. गोव्याप्रमाणे येथेही पोर्तुगीजांचे राज्य होते. अमिल्कार काब्राल यांच्या पक्षाने १९६३ मध्ये सशस्त्र लढा सुरू केला, १९७३ मध्ये स्वातंत्र्य जाहीर झाले आणि १९७४ मध्ये पोर्तुगालने ते मान्य केले. पुढे मात्र लष्करी उठाव होत राहिले. नोव्हेंबर २०२५ मध्येही लष्कराने सत्ता हाती घेतली.

व्यापार : निर्यातीच्या उत्पन्नापैकी सुमारे ९० टक्के एकट्या काजूचे आहे. बहुतेक बी न फोडताच भारत व व्हिएतनामला जाते. हंगाम मार्चपासून पावसापर्यंत. बी विकून किंवा तिच्या बदल्यात शेतकरी वर्षाचा तांदूळ घेतो. सरकार दर हंगामात किमान भाव जाहीर करते, पण गिऱ्हाईक आले नाही तर तो कागदावरच राहतो. २०२० मध्ये कोरोनामुळे परदेशी खरेदीदार वेळेवर पोहोचले नाहीत, भाव कोसळला आणि घरोघरी तांदळाची चणचण झाली. पाऊस जवळ आला की बी भिजण्याच्या भीतीने शेतकरी मिळेल त्या भावाला माल सोडतो.

आमच्या मते यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, चार-पाच किलो बीतून एक किलो गर निघतो. भाजणे, फोडणे, सोलणे, प्रतवारी करणे या कामांची मजुरी व नफा जिथे कारखाना आहे तिथेच राहतो. कारागिराने शक्य तितका माल पक्का करूनच विकावा. दुसरी, सारा धंदा एका मालावर व एकाच गिऱ्हाइकावर ठेवू नये. आणि तिकडून बी आणणाऱ्या बांधवांनी दमटपणा व उतारा जरूर तपासावा, पण वजनात व भावात चोख राहावे. त्या पोत्यावर एका कुटुंबाचा वर्षाचा तांदूळ अवलंबून असतो.