‘क्लास झालाय’ म्हणजे नेमके काय झाले?

दुकानाच्या टेम्पोवर माणूस ठेवायचा असला की आपण व्यापारी एकच प्रश्न विचारतो, "गाडी येते का?" समोरच्या मुलाचे उत्तरही ठरलेले असते, "हो शेठ, क्लास झालाय." एवढ्या बोलण्यावर आपण गाडी आणि लाखाचा माल त्याच्या हाती देतो. आज आपण या ‘क्लास’ शब्दाचा अर्थ पाहू. शब्द लहान आहे, पण तो न समजल्याची किंमत आम्ही मोजली आहे.

शब्द आणि त्याचा वापर

सरकारी कागदावर ‘मोटार ड्रायव्हिंग स्कूल’ असे नाव असते. धाराशिव, तुळजापूर, उमरग्याच्या बोलण्यात मात्र तो ‘गाडीचा क्लास’ असतो. जसा टायपिंगचा क्लास, तसाच हा. पण त्याच्यापुढे येणारे क्रियापद नीट ऐकावे. ‘क्लास लावला’ म्हणजे पैसे भरले. ‘क्लास चालू आहे’ म्हणजे मुलगा सकाळी गाडीवर जातो. ‘क्लास झाला’ म्हणजे ठरलेले दिवस संपले. या तिन्हींपैकी एकाचाही अर्थ परवाना मिळाला असा होत नाही.

परवान्याचे शब्द वेगळे आहेत. शिकाऊ परवान्याला लोक ‘लर्निंग’ किंवा ‘कच्चे लायसन’ म्हणतात आणि कायम परवान्याला ‘पक्के लायसन’. आपल्या कामाचा शब्द ‘पक्के’ हा आहे.

उस्तादाची तालीम

क्लास येण्यापूर्वी गाडी शिकण्याची वाट एकच होती. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकवर मुलगा किन्नर म्हणून लागायचा. क्लीनर शब्दाचे हे आपल्याकडचे रूप. तो ताडपत्री बांधायचा, टायर उतरवायचा, काच पुसायचा आणि ड्रायव्हरला ‘उस्ताद’ म्हणायचा. वर्ष-दोन वर्षांनी उस्तादाची मर्जी झाली की मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हाती यायचे.

आम्ही उर्दू माध्यमात शिकलो. तेथे तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. किन्नराची तालीम दोन्ही अर्थांनी होत असे. त्यात हात चांगला बसायचा. पण नियम, खुणा आणि कागद हे राहून जायचे. आजच्या क्लासमध्ये पुष्कळदा उलटे होते. कागद होतो आणि हात बसायचा राहतो.

नियम काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याखालचे केंद्रीय नियम १९८९ चे. या नियमांप्रमाणे खासगी मोटारीचे शिक्षण किमान २१ दिवसांचे असावे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणे किमान १० तास व्हावे. वाहतुकीच्या गाडीसाठी हेच प्रमाण ३० दिवस आणि १५ तास आहे. शिकवण्याच्या गाडीला दुहेरी नियंत्रण लागते, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक हवा. शिक्षण पुरे झाल्यावर स्कूलने नमुना ५ मध्ये प्रमाणपत्र द्यायचे असते.

लर्निंग सहा महिने चालते. ते मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. तोवर गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा आणि शेजारी पक्के लायसन असलेला शिकवणारा बसलेला हवा.

आमचा धडा

२०११ सालची गोष्ट. लग्नसराईसाठी आम्ही सोलापूरहून टॉवेल आणि चादरी भरल्या होत्या. नवा मुलगा बावीस वर्षांचा, "क्लास झालाय" म्हणालेला. तुळजापूरच्या घाटात वळणावर टेम्पो कलंडला. मुलाच्या मनगटावर निभावले, पण गठ्ठे फुटून माल चिखलात गेला.

विमा कंपनीने लायसन मागितले तेव्हा मुलाने खिशातून घडी केलेले लर्निंग काढले. त्याची मुदत संपलेली नव्हती. पण मालगाडीच्या पॉलिसीत साफ लिहिलेले असते की शिकाऊ परवान्यावर गाडी चालवायची तर गाडीत माल नसावा आणि शेजारी शिकवणारा असावा. आमच्या गाडीत माल होता आणि शेजारची जागा रिकामी होती. गाडीचा दावा नामंजूर झाला. मालाचा विमा वेगळा काढावा लागतो, तो आम्ही काढलाच नव्हता.

आम्ही मुलाला त्याच्या वडिलांसमोर खोटारडा म्हणालो. वडील शांतपणे म्हणाले, "क्लास झालाय म्हणाला, तो झालाच होता. लायसन तुम्ही विचारलं का?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. कंपनी चुकली नव्हती आणि मुलगा खोटे बोलला नव्हता. विचारणारे आम्ही होतो आणि आम्हीच चुकीचे विचारले होते. पुढे त्याला आम्ही पक्के लायसन काढून दिले. नंतर बरीच वर्षे त्याने आमचा माल आणला.

मालकाची जबाबदारी

परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर कायदा मालकालाही धरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अपघातात तिऱ्हाइताचे नुकसान झाले तर विमा कंपनीने भरलेली रक्कम मालकाकडून वसूल होण्याचीही वेळ येते.

एक गोष्ट दिलाशाची आहे. हलक्या मोटारीच्या लायसनवर टेम्पो चालतो का, हा वाद जुना होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की मालासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली वाहतुकीची गाडी हलक्या मोटारीच्या लायसनवर चालवता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. धोकादायक माल नेणाऱ्या गाड्या यात येत नाहीत. अर्थात हे सारे पक्क्या लायसनबद्दल आहे.

लक्षात ठेवावे

माणूस ठेवताना "गाडी येते का?" एवढ्यावर थांबू नये. "पक्के लायसन दाखव," असे म्हणावे. गाडीचा वर्ग आणि मुदत वाचावी. लायसन क्रमांक व जन्मतारीख घालून परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर ते खरे आहे का, हे पाहता येते. एक प्रत दुकानात ठेवावी. मग आठ दिवस जुन्या माणसाला शेजारी बसवून, घाटातून रिकामी गाडी चालवून घ्यावी.

आपण मीटरभर कापड घेताना पोत बोटांनी चोळून पाहतो. गाडी सोपवताना लायसन तरी उघडून पाहावे.