आधी पाणी, मग दरवाजा

एका गृहस्थांनी एकतीस वर्षं बँकेत लोकांची गृहकर्जं तपासली. सातबारा, एनएचा आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र. दुसऱ्याच्या फाइलीतली चूक त्यांना चष्म्याशिवाय दिसायची. निवृत्तीनंतर स्वतःसाठी घर घेताना मात्र त्यांनी पाहिलं ते गेट.

लपवण्यात अर्थ नाही, ते गृहस्थ म्हणजे प्रस्तुत लेखकच. तृतीय पुरुषात लिहिलं की अपमान थोडा दुसऱ्याचा वाटतो.

गेट होतंही देखणं. छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासच्या पलीकडे, साताऱ्याच्या डोंगराकडे तोंड करून उभी दगडी कमान, दोन वॉचमन, आत 'पन्नाशीपुढच्या ॲक्टिव्ह मंडळींसाठी' क्लब हाऊस, चालायचा ट्रॅक, पोहण्याचा तलाव. हे सगळं चित्रात. या बावन्न दरवाजांच्या शहरात उभा जन्म काढलेल्या माणसाला त्रेपन्नावा आवडला. सिडकोतलं रो-हाऊस विकून २०२२ मध्ये ते इथे राहायला आले. ते का विकलं, हे नातेवाइकांनी विचारून झालं आहे. इथे पुन्हा नको.

बुकिंगपर्यंत विक्री विभागातला तरुण त्यांना 'काका' म्हणत होता. न्यायला गाडी पाठवायचा, चहा बिनसाखरेचा मागवायचा, काकूंच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. याच जिव्हाळ्यापोटी काकांनी करारनाम्याची नोंदणी व्हायच्या आधीच किमतीच्या वीस टक्के रक्कम भरली. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्याचं १३वं कलम त्यांना पाठ होतं. पाठ असणं आणि आठवणं यात फरक असतो. नोंदणी झाली त्या संध्याकाळी त्यांनी चावीबद्दल विचारायला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "सर, मेल टाका."

खरा उजेड पडला तो पुढच्या मे महिन्यात. पहाटे पाचच्या सुमाराला खिडकीखाली रिव्हर्स घेणाऱ्या गाडीची पिपाणी वाजली. त्यांनी खाली पाहिलं, तर टँकर. मागे दुसरा. वॉचमनने दोघांना सलाम ठोकून दांडा वर केला. त्याच वॉचमनने आदल्या दिवशी पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलाला रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय सोडलं नव्हतं. लेखकाने कपाटातून करारनामा काढला. चोवीस तास पाण्याची गोष्ट माहितीपत्रकात होती. करारात 'उपलब्धतेनुसार' असा एकच शब्द होता. कागद खोटा नव्हता, तोकडा होता. बँकेत असा कागद त्यांनी परत पाठवला असता.

विचारलं की उत्तर ठरलेलं: "नवी पाणी योजना आली की प्रश्न मिटला, सर." या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं. तेव्हा खर्च १६८० कोटी होता, पुढे तो २७४० कोटींवर गेला. नाथसागर पैठणला काठोकाठ भरला तरी शहराच्या नळाला काही दिवसांआड पाणी यायचं, आणि सातारा-देवळाई महापालिकेत आलं म्हणून जलवाहिनी लगेच मागून आली असं झालं नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेलं सत्य लेखकाने विचारात घेतलं नाही, आणि बिल्डरने तो विषय काढला नाही.

या शहराचा इतिहास तरी आठवायला हवा होता. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि तिला जमिनीखालच्या नहरींनी पाणी आणलं. औरंगजेबाने शहराभोवती तट घातला तो १६८० च्या दशकात. आधी पाणी, मग तट. इथे उलट.

तेव्हा ज्यांना अजून वेळ आहे त्यांनी घर मे महिन्यात पाहावं, तेही पहाटे. विक्री कार्यालयाऐवजी टँकरच्या ड्रायव्हरशी बोलावं; त्याला खोटं बोलायचं कमिशन मिळत नाही. आधीच्या फेजमधल्या रहिवाशांकडे एप्रिल-मेची टँकरची बिलं मागावीत आणि ती मेंटेनन्समध्ये धरली आहेत की वेगळी, तेही विचारावं. महापालिकेच्या नळजोडणीचं पत्र मागावं. 'प्रस्तावित' हा शब्द दिसला की पत्र नाही असं समजावं.

क्लब हाऊस कोणत्या फेजमध्ये आहे ते पाहावं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक फेजची नोंदणी वेगळी असते. लेखकाचं क्लब हाऊस तिसऱ्या फेजमध्ये निघालं, आणि तिसऱ्या फेजची नोंदणीच झालेली नव्हती. पन्नाशीपुढच्यांच्या वसाहतींची कल्पना जिथे गाजली त्या ॲरिझोनातल्या 'सन सिटी'चं उद्घाटन १ जानेवारी १९६० रोजी झालं, तेव्हा गोल्फचं मैदान, करमणूक केंद्र आणि दुकानं लोकांना दाखवायला तयार होती. आपल्याकडे दाखवायला कमान असते.

टेप बरोबर न्यावी. बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर बाथरूमच्या दारात अडकला, तेव्हा कळलं की ॲक्टिव्ह मंडळींना कायम ॲक्टिव्ह धरलेलं आहे. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी निकष काढले: दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, बाथरूममध्ये आधाराचे दांडे, न घसरणारी फरशी, रॅम्प. पण ते ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना. 'ॲक्टिव्ह' या शब्दाची सोय काय, ते वाचकांनी ओळखावं.

प्लॉटिंगचा प्रकल्प असेल तर आणखी जपून. गुंठेवारीचा तुकडा कमानीआड गेला म्हणून एनए होत नाही. वकिलाला कागद दाखवा, घाई करू नका, वगैरे सगळे सांगतातच, तेही करा. शक्य असेल तर त्याच वसाहतीत आधी वर्षभर भाड्याने राहा. मुलाने हेच सुचवलं होतं, आणि तो दर दिवाळीला त्याची आठवण करून देतो.

आणि माहितीपत्रक रद्दीत देऊ नका. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून नुकसान झालं तर रेराच्या १२व्या कलमाखाली भरपाई मागता येते. पण तो कागद हातात हवा. लेखकाचा कागद वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर गेला.

त्याऐवजी आता एक वही आहे: तारीख, वेळ, टँकर, लिटर. रविवारी नवी गिऱ्हाइकं फ्लॅट पाहायला येतात तेव्हा लेखक ती घेऊन गेटजवळच्या बाकावर बसतो. मागच्या रविवारी विक्री विभागातला तोच तरुण बिनसाखरेचा चहा घेऊन बाकापाशी आला. म्हणाला, "काका, ऊन लागेल. ती वही घेऊन घरात बसा ना."